जुन्नरचा कागद, जुन्नरची माती

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव जवळ आले की टोमॅटोच्या गाड्या दिसू लागतात. पिकअप, ट्रॅक्टर, टेम्पो, जे वाहन मिळेल त्यात प्लॅस्टिकचे क्रेट रचलेले. एका क्रेटमध्ये वीस किलो माल. इथल्या बाजारात शेतकऱ्याचे वर्ष ठरते. जुलै २०२३ मध्ये याच बाजारात एका क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला होता आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत नारायणगावचे नाव झळकले होते. काही आठवड्यांत भाव कोसळला. तेव्हा मात्र कुणी वार्ताहर फारसा फिरकला नाही, असे चहाच्या टपरीवर भेटलेल्या एका शेतकऱ्याने हसत हसत सांगितले. हसण्यासारखे त्यात काय होते कोण जाणे, पण शेतकरी अशी गोष्ट हसूनच सांगतो.

नारायणगावहून पश्चिमेला वळले की अर्ध्या तासात जुन्नर. डावी-उजवीकडे द्राक्षाचे मांडव, ऊस, कांदा, आणि समोर सह्याद्रीची रांग. आम्ही गेलो तेव्हा पाऊस नुकताच सरला होता, डोंगर हिरवेच होते. शिवनेरी गावाला इतका लगटून उभा आहे की बाजारपेठेतल्या कुठल्याही गल्लीतून मान वर केली की तो दिसतोच. खते-बियाण्यांची दुकाने, मोटार वाइंडिंगवाले, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, मधूनच एखादी जुनी दगडी कमान. कुकडी नदीचे हे गाव. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी तालुक्याच्या पूर्व भागाला बारमाही पाणी दिले. पश्चिमेचा डोंगरी भाग मात्र अजून पावसाच्या भातावर आणि हिरड्यावर जगतो. पाऊस तिथेच कोसळतो आणि पाणी खाली वाहून जाते, हे त्या भागातले दुःख जुने आहे.

जुन्नरचा इतिहास सांगायला बसले तर मासिकाचा अंक पुरणार नाही. सातवाहनांच्या काळात कोकणातून नाणेघाट चढून येणारा माल इथे यायचा. आसपासच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत आणि त्यांतल्या काही शिलालेखांत यवन दात्यांची नावे आहेत. म्हणजे परदेशी माणूस इथे येऊन दानधर्म करण्याइतका रुळत होता. पुढे बहामनी अंमल आला. १४९० मध्ये मलिक अहमदने इथूनच निजामशाहीची सुरुवात केली आणि मग अहमदनगर वसवून राजधानी तिकडे नेली. शंभरावर वर्षे गेल्यावर मलिक अंबरने १६०७ च्या सुमारास काही काळ पुन्हा जुन्नरला राजधानी आणली.

पण आम्हाला सर्वात जवळचा वाटला तो एक रशियन व्यापारी. अफनासी निकितिन त्याचे नाव. बहामनी काळात तो एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. पावसाळा त्याने इथेच काढला. त्याच्या प्रवासवर्णनात जुन्नरचा चिखल आहे, अखंड पाणी आहे, आणि त्याच दिवसांत चाललेली नांगरणी-पेरणी आहे. लोक गहू, तांदूळ, हरभरा पेरतात, हे त्याने टिपले. घोड्यांना इथे हरभरा घालतात, साखर-तेल घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने लिहून ठेवले. आमच्या मुलांना घोड्याच्या खिचडीची गोष्ट फारच आवडली.

निकितिनची पुढची हकिगत मात्र गोड नाही, आणि ती टाळणे बरोबर होणार नाही. जुन्नरच्या असदखान नावाच्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान हो, घोडाही देतो आणि हजार मोहराही देतो, नाहीतर घोडा जप्त आणि वर हजार मोहरांचा दंड, असे बजावून चार दिवसांची मुदत दिली. परक्या मुलखात एकटा माणूस, हवालदिल झाला. तेवढ्यात मुहम्मद खुरासानी नावाचा एक मुसलमान गृहस्थ तिथे आला. निकितिनने त्याच्याकडे गाऱ्हाणे घातले. तो खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतराची गोष्ट मागे घ्यायला लावली आणि घोडा सोडवून आणला. दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे कुरआनने सांगितलेले असदखानाला ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? सत्ता हातात असलेल्याला ते आठवत नाही, आणि मग ते आठवून द्यायला कुणाला तरी उठून जावे लागते. जुन्नरमध्ये असदखानाचे नाव आज कुणी घेत नाही. खुरासानीचेही घेत नाही, याची हळहळ वाटली.

आम्ही खरे तर जुन्नरला गेलो होतो कागदासाठी. मराठ्यांच्या आणि पेशव्यांच्या दफ्तरांत जुन्नरी कागदाला मोठा मान होता, आणि तो बनवणारे कागदी मुसलमान होते. एका जुन्या घरासमोर पत्ता विचारत उभे होतो तर आतूनच आवाज आला, “अंदर आव ना, धूप में कायकू खडे?” सत्तरीतले चाचा. आडनाव कागदी. घरात कागदाचे काही उरले आहे का, विचारले तर म्हणाले, “आडनाव उरलंय की!” दोन एकर टोमॅटो, थोडा कांदा, मुलाचे बाजारात दुकान. आजोबांनी तरुणपणी काम पाहिले होते, वडिलांनी फक्त ऐकले होते.

जुन्या गोणपाटाचे आणि सुतळी-दोरांचे तुकडे करायचे. ते चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचे. पायाने चालवायच्या अवजड लाकडी मुसळाने कुटायचे, नदीवर नेऊन धुवायचे, पुन्हा कुटायचे. असे कितीतरी वेळा झाले की लगदा हौदात सोडायचा. मग कारागीर हौदाच्या काठावर बसून गवताच्या बारीक काड्यांची चटई लगद्यात बुडवून अलगद वर उचलायचा. पाणी गळून जायचे, मागे एक ओला ताव राहायचा. तो भिंतीला चिकटवून वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची. शाई फुटू नये, बोरू अडखळू नये म्हणून हे घोटणे. ते काम अनेक घरांत बायका-मुले करीत. हिशेबाच्या वहीत त्यांच्या हाताची नोंद कुठे असणार?

एकोणिसाव्या शतकात गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताचा कागद आजही तयार होतो. जुन्नरचे कागदी शेतीकडे, मजुरीकडे, पुण्या-मुंबईकडे गेले.

चाचींनी चहा आणला, सोबत घरच्या शेंगदाण्याची चिक्की. मग चाचांनी आतून एक गाठोडे आणले. लाल फडक्यात तीस-चाळीस कागद. कडा झिजलेल्या, पण मधला भाग असा शाबूत की बोट फिरवले तर अजून गुळगुळीत लागावा. सगळे मोडीत लिहिलेले, दोन-चार ठिकाणी फारसी शिक्के. घरात कुणालाच वाचता येत नाही. चाचांच्या वडिलांना थोडी मोडी येत होती, त्यांच्याबरोबर ती गेली. “जमिनीचे असतील, मशिदीचे असतील. कधी लागले तर?” असे म्हणून ते गाठोडे पिढ्यान्पिढ्या जपले, आणि लागले तर वाचणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

ही अवस्था एकट्या चाचांची नाही. महाराष्ट्रातल्या किती मुसलमान घरांत, किती मशिदींच्या आणि दर्ग्यांच्या पेट्यांत अशी गाठोडी पडून आहेत! इनामाच्या सनदा, काझी-मुल्लांच्या वतनाचे कागद, कब्रस्तानच्या हद्दी. त्यांतले बरेच उर्दूत नाहीत, अरबीतही नाहीत. मोडी मराठीत आहेत. आपण मात्र मोडी म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी लिपी समजतो. कुरआनमधली सर्वात मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, साक्षीदारांसह. लिहून ठेवण्याची इतकी ताकीद असलेल्या उम्मतीने लिहिलेलेच वाचू नये?

बोलणे जमिनीवर आले तेव्हा चाची पहिल्यांदाच मध्ये बोलल्या. त्यांच्या दोन मुलींची नावे भावांबरोबर सातबाऱ्यावर लावलेली आहेत. नातेवाइकांनी सांगितले होते, पोरींकडून हक्कसोड करून घ्या, नंतर झंझट नको. “मी म्हटलं, अल्लाहनं दिलेला हिस्सा सोडवून घेणारी मी कोण?” चाचा गप्पच होते. त्यांच्या गप्प राहण्यात संमती होती की हार, ते कळले नाही. नावे मात्र सातबाऱ्यावर आहेत. शरियतचा अभिमान सांगणाऱ्या आपल्या कितीतरी घरांत वारशाची वेळ आली की शरियत बाजूला राहते आणि बहिणीची सही तेवढी पुढे येते.

चाचांची नात बारावीला आहे. गाठोड्यातल्या प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढायचे काम तिने लगेच अंगावर घेतले. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात हे सांगितले तर तिने पहिला प्रश्न विचारला, “किती दिवसांत येते?”

दुपारी जोहरनंतर गावाच्या पूर्वेला हापूसबागेकडे गेलो. हबशी बाग या नावावरून हापूसबाग झाले, असे लोक सांगतात. शेतांच्या मधोमध हबशी महाल उभा आहे, आणि त्याच बाजूला सौदागर घुमट. चौरस बांधणी, भिंतीत कोनाड्यांच्या ओळी, वर घुमट. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर ज्या राज्याचा कर्ता झाला, त्या राज्याची ही खूण. आत वटवाघळांचा वास आहे आणि भिंतींवर प्रेमवीरांची नावे आहेत. शेजारच्या रानात बाया कांद्याची लागण करीत होत्या, त्यांना या इमारतीचे काही विशेष वाटत नव्हते. त्यांच्या लेखी ती सावलीची जागा होती, आणि तेही काही थोडे नाही.

शिवनेरीवर दुसऱ्या दिवशी सकाळी चढलो. पायऱ्यांच्या वाटेवर सात दरवाजे लागतात, त्यांतल्या एकाचे नाव पीर दरवाजा. १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म याच गडावर झाला. त्यांचे वडील शहाजीराजे त्या काळात निजामशाहीच्या राजकारणात होते, आणि शहाजी व शरीफजी ही दोन भावांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्यावरून ठेवली, अशी परंपरा आहे. जन्मस्थानाच्या इमारतीपाशी गर्दी होती, शाळेची सहल आली होती. गडावर कमानी मशीद आहे. दोन मिनारांना जोडणारी उंच कमान, आणि खाली पाण्याचे टाके. वुजूची सोय करूनच बांधकाम केलेले दिसते. सहलीतल्या एका मुलाने मास्तरांना विचारले, “सर, हे काय?” सर म्हणाले, “मशीद. महाराजांच्या आधीपासून आहे. चला पुढे.” एवढे साधे उत्तर ऐकून बरे वाटले.

जायचे असेल तर पावसाळा सरल्यावर जावे आणि संध्याकाळी शेतवाटांवर रेंगाळू नये. ही गंमत नाही. धरणांमुळे ऊस वाढला आणि उसात बिबटे राहू लागले, तिथेच त्यांची पिल्ले होतात. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. तालुक्यात माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर हल्ले झाले आहेत. पंपाची लाईट बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळे पाणी द्यायला अंधारात जावेच लागते. वस्तीवर राहणारे लोक इशाच्या नमाजला एकटे येत नाहीत. तीन-चार जण मिळून, बॅटरी आणि काठी घेऊन, मोठ्याने बोलत येतात. चाचांचा मुलगा रात्री रानात निघाला की चाची तो परत येईपर्यंत तस्बीह घेऊन बसतात.

परतल्यावर महिन्याभराने नातीचा संदेश आला. एका मोडी जाणकाराकडून दोन कागद वाचून झाले होते. एक विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा होता: कोणत्या वाटेकऱ्याने कोणत्या वारी मोट धरायची. दुसरा कागदाच्या विक्रीचा हिशेब, किती दस्ते आणि कुणाला. बाकीचे अजून वाचायचे आहेत.