तंटा मिटवताना (भाग ७) : लोकपालाकडे जायचं की मध्यस्थाकडे?

मागच्या भागात लोकअदालत पाहिली. आज आणखी दोन वाटा. यांची गल्लत झाली की हक्काचे पैसे हातचे जातात, म्हणून जरा सविस्तर.

समजा, आईच्या शस्त्रक्रियेचा मेडिक्लेम कंपनीने ‘आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा’ म्हणून नाकारला. एका बाजूला कंपनी, तिचे डॉक्टर, तिचे वकील. दुसऱ्या बाजूला फाइल घेऊन हेलपाटे घालणारं घर. इथे ‘थोडं तुम्ही सोडा, थोडं आम्ही’ ही भाषाच अन्यायाची. दावा पॉलिसीच्या अटींत बसतो का, एवढंच कुणी तटस्थ माणसाने तपासायला हवं. ते काम विमा लोकपालाचं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिने ती फेटाळली, थातुरमातुर उत्तर दिलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील चालत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही, तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. उलट्या क्रमाने मात्र जमत नाही. वाद आधीच आयोगात किंवा कोर्टात असेल, तर लोकपाल तक्रार घेत नाही.

२०१७च्या नियमांनुसार दोन्ही बाजू तयार असतील तर लोकपाल स्वतःही समेट घडवतो. त्याने सुचवलेली रक्कम घेतलीच पाहिजे असं नाही. ‘पूर्ण आणि अंतिम’ या शब्दांखाली सही करण्यापूर्वी आकडा नीट पाहा.

वरच्या मजल्यावरून झिरपणारं पाणी, भावाभावांतली वाटणी, मोडत आलेली भागीदारी यांचं तसं नाही. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, उद्या त्याच जिन्यात भेटायचंय. इथे मध्यस्थ हवा. तो निकाल देत नाही. दोघांशी एकत्र बोलतो, वेगवेगळंही बोलतो, आणि त्याला खासगीत सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला कळत नाही. खरं दुखणं बहुतेकदा त्या वेगळ्या बोलण्यातच बाहेर येतं. चौकशी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात करा.

बिल्डरने ताबा लांबवला असेल, तर महारेराचा सलोखा मंच आहे. तिथे ग्राहक संघटनेचा आणि विकासकांच्या संघटनेचा असे दोन्हीकडचे लोक बसतात, त्यामुळे ग्राहक एकटा पडत नाही.

घरात मारहाण होत असेल, तर दोघांना समोरासमोर बसवण्याचा आग्रह कुणीही धरू नये. धाकापोटी दिलेला होकार ही तडजोड नव्हे.

आणि तुमची तक्रार फेटाळल्याचं विमा कंपनीचं पत्र आलं, की ते कोणत्या तारखेला हाती पडलं हे त्यावरच लिहून ठेवा. लोकपालाकडे जाण्याची वर्षाची मुदत ते पत्र मिळाल्यापासून मोजली जाते.