पार्सलची अंडी उबली नाहीत तर...

एकविसावा दिवस उलटतो, बाविसावाही जातो आणि तेविसाव्या दिवशी सकाळी फोन वाजतो. "अण्णा, तीस अंडी नेली होती तुमच्याकडून. चारच पिल्लं निघाली. पैसे परत करा." भालकीत हा फोन कधी मराठीत येतो, कधी कन्नडमध्ये, हैदराबादकडचं गिऱ्हाईक असेल तर दखनीत. मजकूर तोच. गावरान, असील, कडकनाथ, गिरिराजा अशा कोंबड्यांची उबवणीची अंडी डब्यात भरून बाहेरगावी पाठवणाऱ्याकडे याची दोनच उत्तरं तयार असतात. "आमचा माल चोख होता, तुमच्या मशीनमध्ये खोट आहे", नाहीतर भांडण नको म्हणून गुपचूप पैसे परत. दोन्ही उत्तरं एकही अंडं फोडून न बघता दिलेली असतात, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

सोयाबीनवरून शिकावं

बियाणं उगवलं नाही तर काय करायचं, हे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडे-पलीकडे कुणाला शिकवावं लागत नाही. २०२०च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा तालुक्याच्या तक्रार निवारण समित्या शेतात गेल्या, ओळीतली रोपं मोजली, माती उकरून दाणा कुजलाय की फुगलाच नाही ते पाहिलं आणि पंचनामे केले. मोजायला आधारही होता. सोयाबीनच्या पिशवीला किमान ७० टक्के उगवणीची अट असते.

अंड्याच्या खोक्यावर असं लेबल नसतं. म्हणूनच तक्रार आली की दोन्ही बाजू अंदाजानं बोलतात. खरं तर अंडं दाण्यापेक्षा जास्त बोलकं आहे. कुजलेला दाणा मातीत विरून जातो, न उबलेलं अंडं मात्र आपला मृत्यू कोणत्या दिवशी झाला ते कवचाच्या आत जपून ठेवतं.

फोनवरचं पहिलं वाक्य

गिऱ्हाईक रागात असतं, आणि रागातला माणूस पहिल्यांदा उरलेली अंडी उकिरड्यावर फेकतो. पुरावा तिथंच संपतो. म्हणून पहिलं वाक्य पैशांचं नको, दोषाचंही नको. "दादा, वाईट वाटलं. एक विनंती आहे, राहिलेली अंडी फेकू नका. आज संध्याकाळी आपण ती मिळून फोडून बघू, मी व्हिडिओ कॉल करतो." एवढं बोललं की निम्मा राग उतरतो, कारण समोरचा माणूस पळून जात नाही हे कळतं.

मग विचारायच्या गोष्टी थोड्याच. खोकं कोणत्या तारखेला हातात पडलं? अंडी मशीनमध्ये लगेच ठेवली की आधी विसावा दिला? मशीन पंख्याचं की थर्माकोलच्या डब्यातला बल्ब? वीज किती वेळा आणि किती वेळ गेली? पहिलं पिल्लू कितव्या दिवशी निघालं? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. पिल्लं एकोणीस-विसाव्या दिवशीच निघू लागली असतील तर मशीन जास्त तापत होतं, बावीस-तेवीसपर्यंत लांबली असतील तर ऊब कमी पडत होती.

फोडून काय दिसतं

अंडं मोकळ्या जागेत, वाऱ्याकडे पाठ करून, बोथट टोकाकडून हळूच फोडावं. सडलेलं अंडं स्फोटासारखं फुटतं, त्यामुळे अंगावर जुना सदरा असलेला बरा.

आत नुसतं पिवळं-पांढरं, रक्ताचा टिपूसही नाही, असं अंडं निघालं की गिऱ्हाईक म्हणतं, "वांझ अंडी पाठवली." इथं घाई करू नये. बलकावर एक बारीक ठिपका असतो. फलित नसलेल्या अंड्यात तो लहान, घट्ट, पांढरा असतो. फलित अंड्यात त्याच्याभोवती फिकट कडं दिसतं. कडं असेल तर अंडं फलित होतं, पण जीव पहिल्याच दिवशी किंवा वाटेतच गेला. टॉर्चच्या उजेडात दोन्ही सारखीच कोरी दिसतात, फोडल्यावरच फरक कळतो. मात्र तीन आठवडे उबेत राहिल्यावर हा ठिपका ओळखणं कठीण जातं. म्हणून सातव्या दिवशी टॉर्च मारून कोरी वाटणारी दोन-तीन अंडी तेव्हाच फोडून फोटो पाठवायला गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावं.

लाल कडं, ज्याला पोल्ट्रीवाले रक्ताचं कडं म्हणतात, दिसलं तर जीव पहिल्या तीन-चार दिवसांत गेला. अंडी फार दिवस साठवलेली असणं, प्रवासातली उष्णता आणि हादरे, मशीनचं तापमान सुरुवातीला वरखाली होणं, यांपैकी काहीही कारण असू शकतं. हा सगळ्यात वादाचा भाग आहे आणि इथं दोघांनी निम्मं निम्मं सोसावं असं माझं मत आहे.

डोळे काळे झालेत, पिसं फुटलीत आणि मधल्या आठवड्यात खेळ संपलाय, असं दिसलं तर कोंबड्यांच्या खाद्याकडे बघावं. पिसं गाठाळलेली, आखडलेली असतील तर ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता हे नेहमीचं कारण. तो दोष विकणाऱ्याचा. अशी अंडी बरीच निघाली तर भांडण सोडून आधी खुराड्यातलं खाद्य बदलावं. पण याच काळात तासन्‌तास वीज गेलेली असेल तर बोट दुसरीकडे वळतं.

पूर्ण वाढलेलं पिल्लू आत मेलेलं किंवा चोचीनं कवच टोचून तिथंच थांबलेलं असेल तर बहुतेक वेळा शेवटचे तीन दिवस बिघडलेले असतात. पंख्याच्या मशीनला साधारण ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. दमटपणा अठराव्या दिवसापर्यंत ५० ते ५५ टक्के आणि पुढं ६५च्या वर. टोचलेलं अंडं दिसलं की उत्साहानं दर तासाला झाकण उघडणारा माणूस हा दमटपणा स्वतःच घालवतो. मोबाइलवर व्हिडिओ काढण्यासाठी उघडलेल्या झाकणानं किती पिल्लं वाळून गेली असतील, देव जाणे!

प्रवासाचा वाटा

अंडं घातलं जातं तेव्हा आतला जीव वाढायला लागलेला असतो. साधारण २० अंशांच्या खाली तो झोपतो आणि ३७च्या आसपास नीट वाढतो. मधलं तापमान वाईट. तिथं तो अर्धवट जागा होतो आणि दुबळा पडतो. भालकीचा मे महिना चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत रात्रीच्या बसच्या डिकीत इंजिनाशेजारी ठेवलेलं खोकं पुण्याला पोचेपर्यंत ते अर्धवट जागेपण सोसतं. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत अंडी बाहेरगावी पाठवूच नयेत. या एका नियमानं बऱ्याच तक्रारी जन्मालाच येणार नाहीत.

दुसरी इजा हादऱ्यांची. बोथट टोकाशी हवेची पोकळी असते. खोकं आपटलं की ती सुटते आणि टॉर्चखाली पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी हलते. म्हणून अंडी निमुळतं टोक खाली ठेवून भुशात गच्च बसवायची आणि पोचल्यावर तशीच उभी बारा ते चोवीस तास थंड खोलीत राहू द्यायची. आपल्या घरी दहातली आठ उबतात म्हणून तसंच आश्वासन पार्सलच्या अंड्यांवर देणं म्हणजे भांडण विकत घेणं. प्रवास केलेल्या अंड्यांत निम्मी पिल्लं निघाली तरी जाणकार समाधान मानतात. हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगावं, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

राखीव दहा

राष्ट्रीय बीज निगम आणि आंध्रातले शेतकरी यांचा एक खटला सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली निकाली काढला. शेतकऱ्यांनी बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत का तपासला नाही, असा निगमाचा मुद्दा होता. न्यायालय म्हणालं, शेतकरी सगळं बियाणं पेरून टाकतो, त्यानं नमुना जपून ठेवावा ही अपेक्षाच चूक. तपासायला नमुने निगमालाही देता आले असते. निकाल बियाण्याचा, पण अंडी विकणाऱ्यानं तो घरच्या भिंतीवर लावावा असा आहे.

पाठवलेल्या प्रत्येक खेपेतली दहा अंडी स्वतःच्या मशीनमध्ये त्याच आठवड्यात ठेवायची. कवचावर पेन्सिलीनं तारीख. तक्रार येईल तेव्हा आपल्या दहांपैकी आठ-नऊ उबलेली असतील तर कोंबडा आणि खाद्य सुटले, संशय प्रवासावर आणि समोरच्या मशीनवर जातो. आपलीच चार निघाली असतील तर वाद घालू नये, पैसे द्यावेत. दहा अंड्यांचा तोटा वाटतो खरा. पण एक जरी बदनामीचा निरोप गटागटांतून फिरला तर तोटा त्याहून मोठा. २०१९च्या इस्लामपूरच्या कडकनाथ पालनातल्या फसवणुकीच्या प्रकरणानंतर लोक आधीच दुधानं पोळलेले आहेत, ताक फुंकूनच पितात.

भरपाई कशी

अट खोक्यावर आणि पावतीवर मराठीत व कन्नडमध्ये छापावी. फुटलेली अंडी: खोकं उघडतानाचा त्याच दिवसाचा व्हिडिओ, लगेच बदली. सातव्या दिवशी फोडून अफलित ठरलेली: पूर्ण बदली. रक्ताचं कडं: निम्मी. शेवटच्या तीन दिवसांतली: भरपाई नाही, पण सल्ला फुकट. बदलीची अंडी त्याच आठवड्यात पाठवू नयेत; राखीव दहांचा सातव्या दिवसाचा उजेड पाहिल्यावरच पाठवावीत, नाहीतर तोच दोष दुसऱ्यांदा पोचतो.

आयोगापर्यंत गेलं तर

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे उदगीरचा माणूस भालकीच्या विक्रेत्याला लातूरला बोलावू शकतो, बीदरला यायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची. निव्वळ व्यापारासाठी घेतलेला माल या कायद्यात बसत नाही, पण स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर बसतो. घरामागं पन्नास कोंबड्या पाळणारा असा दावा करू शकतो. त्यावेळी राखीव अंड्यांची नोंदवही आणि फोटो हेच काय ते विक्रेत्याच्या बाजूचं बोलतात.

खुडूक कोंबडीची साक्ष

जवळच्या गिऱ्हाइकासाठी, हलबर्ग्याचा असो की कमलनगरचा, एक सोपा तोडगा आहे. त्याच्या घरी खुडूक कोंबडी असेल तर खेपेतली दहा-बारा अंडी तिच्याखाली द्या, बाकीची मशीनमध्ये. कोंबडीखालची उबली आणि मशीनमधली राहिली तर कुणाचाच आवाज चढत नाही. थर्मामीटर बदलायचा, एवढंच ठरतं. दोन्हीकडची राहिली तर विक्रेत्यानं आपल्या कोंबड्याचं वय मोजावं, आणि एका कोंबड्यामागं दहापेक्षा जास्त कोंबड्या झाल्यात का तेही.