कोणते देशमुख?

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची चर्चा सुरू झाली की नामसाधर्म्याच्या उमेदवारांचा विषय निघतोच. रायगडचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. 2014 च्या लोकसभेला सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवारानं 9,849 मतं नेली. आपल्या वऱ्हाडात हा घोळ आडनावापासूनच सुरू होतो, आणि त्यात देशमुखांचा नंबर पहिला.

देशमुखी हे मुळात परगण्याचं वतन. ते ज्याच्याकडे गेलं तो देशमुख झाला, मग जात कोणतीही असो. त्यामुळे आडनाव एक असलं तरी नातं असेलच असं नाही. एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून आलेले पंजाबराव देशमुख नेहरूंच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री होते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. वाशिमच्या शेजारी हिंगोली जिल्ह्यात कडोळीला जन्मलेले नानाजी देशमुख जनसंघातले, पुढे भारतरत्न. दोघांचा एकमेकांशी संबंध काय? आडनावाचा, बस्स.

पूर्ण नावच जुळलं तर विचारूच नका. यवतमाळ-वाशिमचे खासदार संजय देशमुख दिग्रसचे, माजी राज्यमंत्री. ऑनलाइन पेपरतपासणीत निकाल रखडले म्हणून ऑक्टोबर 2017 मध्ये ज्यांना हटवलं, ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही संजय देशमुखच. विद्यापीठं आपले राजकारणात गेलेले माजी विद्यार्थी मोठ्या हौसेनं मिरवतात, पण त्यांच्या याद्यांत नुसतं नाव-आडनाव असेल तर कुणाची पदवी कुणाच्या खात्यावर जाईल, सांगता येत नाही. याच वाशिमनं 1980 आणि 1984 ला काश्मीर विद्यापीठातून प्राणिशास्त्र शिकलेले गुलाम नबी आझाद निवडून दिले होते. बाहेरचा उमेदवार, पण नावाचा घोळ तरी नव्हता!

निवडणुकीत मात्र हे सगळं योगायोगानं घडतं असं मानायला मी तयार नाही. 2024 च्या विधानसभेला काटोलमध्ये माजी गृहमंत्री अनिल देशमुखांचे चिरंजीव सलील उभे होते. अजित पवारांच्या राष्ट्रवादीनं तिथं घड्याळावर उमेदवार दिला, त्याचं नाव अनिल शंकरराव देशमुख. निवडून आले भाजपचे चरणसिंग ठाकूर.

त्याच वर्षी मे महिन्यात अशा उमेदवारांना आळा घालण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. अमरावतीचेच न्यायमूर्ती भूषण गवई खंडपीठावर होते. आईवडिलांनी ठेवलेल्या नावापायी कुणाचा उभं राहण्याचा हक्क कसा काढायचा, असा न्यायालयाचा सूर होता आणि याचिका बारगळली. कायद्यानं ते बरोबरच आहे. पण नाव जुळलं तर व्यवसाय किंवा गाव लिहून फरक दाखवा, हा 1961 च्या नियमातला उपाय अगदीच तोकडा आहे. 2015 पासून यंत्रावर फोटो आले, तेवढाच काय तो आधार.

आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये लिहायची पद्धत आहे. प्रचारात मात्र ते गळतं आणि उरतात नुसते भाऊ, दादा, साहेब. मतदानाला जाल तेव्हा आडनावावर थांबू नका. मधलं नाव वाचा, चिन्ह पाहा आणि मगच बटण दाबा.