सॅटरडे नाइट, बारामती लाइव्ह!

वीकएंडला गावी गेल्यावर करायचं काय? बारामती-इंदापूरची जी पोरंपोरी पुण्यात नोकरीला आहेत, त्यांना हा प्रश्न नवा नाही. शुक्रवारी रात्री घरी पोचायचं, शनिवारी दुपारपर्यंत ताणून द्यायची, संध्याकाळी भिगवण रोडला एक चक्कर, भेळ, आइस्क्रीम, फार तर एखादा पिक्चर. नऊ वाजता घरून फोन, ‘जेवायला येताय ना?’ संपला वीकएंड! त्यामुळे ‘बारामतीत स्टँडअप आहे, येणार का?’ असा मेसेज आला तेव्हा आम्ही आधी हसून घेतलं. मग तिकिटं काढली. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त होती, बॉस!

जागा म्हणजे एका कॅफेचा वरचा मजला. साठेक प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माइक, मागे काळा पडदा. आणि खालच्या मजल्यावरचा मिक्सर, जो कोल्ड कॉफीची ऑर्डर आली की ऐन पंचलाइनला घरघरायचा. पहिली रांग पूर्ण रिकामी. मोबाइलवर स्टँडअप पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पुढं बसणाऱ्याची वाट लागते.

मराठीत हा प्रकार आता तसा रुळलाय. २००५ मध्ये टीव्हीवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ आलं, आपला विदर्भातला सुनील पाल जिंकला आणि माइक हातात घेऊन एकट्यानं हसवणं घराघरात पोचलं. पुढं २०१६ मध्ये सारंग साठ्ये आणि मंडळींनी ‘भाडिपा’ सुरू केलं आणि पुण्या-मुंबईच्या ऑफिसातल्या पब्लिकला आपल्या भाषेत, आपल्या आईबापांवर हसायची सवय लागली. पण ते पुणं-मुंबई. तिथं शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय, हे कुणाला माहीत नसतं. बारामतीत माहीत असतं. त्याच्या मामाचं घरसुद्धा माहीत असतं.

शो सुरू झाला. पहिले दोघं पुण्याचे. फ्लॅटमेट, मॅनेजर, अप्रेझल. पोरं चांगली होती. हिंजवडीच्या ट्रॅफिकवर अर्धा हॉल खिदळला, उरलेला अर्धा त्या खिदळणाऱ्यांकडे बघत बसला. दुसऱ्यानं अंदाज घेत विचारलं, ‘मग, बारामतीत फेमस काय?’ आणि हॉल एकदम शांत. खालचा मिक्सरही बंद! बारामती म्हटलं की राजकारणाचा जोक ठरलेला, पुण्यात तो हमखास चालतो. इथं मात्र आयोजकानं आधीच बजावलं होतं, ‘कुणाचं नाव घ्यायचं नाही.’ त्याला तरी दोष कसा द्यायचा? मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’मध्ये एका राजकीय विनोदावरून तोडफोड झाली, ती साऱ्या देशानं पाहिली. आणि या पोराला तर सोमवारी सकाळी याच गावात दुकान उघडायचं होतं.

तिसरा आला तो इथलाच. दिवसा एमआयडीसीत नोकरी, रात्री हा उद्योग. माइक हातात घेतला, तोच मागून एक भारदस्त आवाज, ‘काय रे, तू आमच्या शेजारच्यांचा धाकटा ना?’

आम्हाला वाटलं, गेला बिचारा. तो म्हणाला, ‘हो काका. घरी सांगू नका, त्यांना वाटतंय मी ओव्हरटाइमला आहे.’

हॉल कोसळला! तिथून पुढं वीस मिनिटं त्यानं कुणाला दम घेऊ दिला नाही. विषय एकच, लग्न. मुलीकडच्यांना मुलगा पुण्यात नोकरीला हवा आणि शेती गावाकडं हवी. ‘म्हणजे मी बाणेरला बसून इथल्या उसाला पाणी द्यायचं. मोटरला ब्लूटूथ आहे का?’ स्थळ बघायला आलेले पाहुणे आधी पगार विचारतात, मग एकर, आणि सगळ्यात शेवटी नाव. आमच्या रांगेत तिशी ओलांडलेली चार-पाच पोरं होती. ती सगळ्यात जोरात हसत होती. ते हसू ऐकायला जरा जड गेलं, खरं सांगायचं तर. शेतकरी घरातल्या पोरांची लग्नं अडकलीत, हे गावोगावी पारावर दबक्या आवाजात बोललं जातं. इथं ते माइकवरून चाललं होतं, आणि ज्यांच्यावर बेतलंय तेच टाळ्या देत होते.

शेवटी तो म्हणाला, ‘आता इथला सगळ्यात मोठा विषय.’ थांबला. पाण्याची बाटली उघडली. सावकाश दोन घोट प्यायला. झाकण लावलं. ‘थँक्यू बारामती!’ म्हणून सरळ खाली उतरला. कुणाचं नाव नाही, गाव नाही, पण हसणं किती वेळ थांबेना.

रात्री इंदापूरला मित्राकडं मुक्काम होता. पन्नासेक किलोमीटर. उसाचा सीझन सुरू, त्यामुळं संसर, लासुर्णे, निमगाव केतकी असा सगळा रस्ता दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरच्या मागं. प्रत्येक ट्रॅक्टरवर फुल्ल आवाजात गाणी, ओव्हरटेक करायचा तर जीव मुठीत! घरी पोचलो तेव्हा मित्राचे वडील, अण्णा, जागेच होते. एवढ्या रात्री कुठून आलात, म्हणून चौकशी झाली. एक माणूस उभा राहून नुसता बोलतो आणि लोक पैसे देऊन ऐकतात, हे सांगितल्यावर अण्णांना काहीच नवल वाटलं नाही.

‘बतावणी म्हणा की,’ ते म्हणाले.

तमाशात गण, गौळण झाली की वगाच्या आधी येते ती बतावणी. सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार, नुसती शब्दाला शब्द लावून उलटसुलट बोलाचाली. बरीचशी तिथल्या तिथं सुचलेली, गावागावाप्रमाणं बदलणारी. चैत्रातल्या जत्रांना फड गावात उतरायचे. अण्णांच्या पिढीनं कवलापूरच्या काळू-बाळूंना डोक्यावर घेतलं होतं. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, ‘जहरी प्याला’ वगातले त्यांचे हवालदार अण्णांना अजून आठवतात. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधून १९६५ पासून दादा कोंडक्यांनी हाच बाज शहरातल्या नाट्यगृहात नेला आणि चालू राजकारणाला चिमटे काढले. आम्ही आपले समजत होतो, काहीतरी लेटेस्ट बघून आलो!

‘मग, त्या पोरानं नाव घेतलं का कुणाचं?’ अण्णांनी विचारलं.

‘नाही. नुसतं पाणी प्यायला.’

अण्णा खुदकन हसले. ‘सोंगाड्याही घ्यायचा नाही. पाटील पुढं गादीवर बसलेला असायचा. हा बोलायचा भलत्याच गावच्या पाटलाबद्दल आणि बघायचा आमच्या पाटलाकडं. सगळ्या जत्रेला कळायचं.’

‘आणि पाटील?’

‘त्यालाच आधी हसावं लागायचं. नाहीतर लोकांना वाटलं असतं, खरं आहे.’

पुढचा शो कधी, तिकीट कितीला, सगळं विचारून झालं. दिवा मालवायला उठले, दारात थांबले.

‘मलाही न्या. पण पुढं बसवू नका.’