संगणकाची स्पंदवृद्धी आणि जलशीतन

१

संगणकाच्या प्रोसेसरने किती वेगाने चालावे हे त्याचा उत्पादक ठरवून देतो. या नियत वेगाहून अधिक वेगाने प्रोसेसर चालविण्याच्या उद्योगास ‘ओव्हरक्लॉकिंग’ असे नाव आहे. हौशी तरुणांचा छंद म्हणून तो प्रसिद्ध असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न केवळ हौसेचा नाही. यंत्राकडून किती काम घ्यावे आणि त्या कामाच्या अचूकतेची हमी कोणत्या मर्यादेपर्यंत धरावी, असा तो प्रश्न आहे. मोजणीचे काम ज्यांनी संगणकावर सोपविले आहे अशा विद्यापीठीय विभागांना तो टाळता येणार नाही.

प्रथम संज्ञेचा विचार करू. ‘क्लॉक’ या शब्दाने घड्याळाचा बोध होतो. परंतु प्रोसेसरमधील हे घड्याळ वेळ सांगत नाही, ते ठेका धरते. तबल्याच्या ठेक्यामुळे गायक आणि साथीदार जसे समेवर एकत्र येतात, तसे प्रोसेसरमधील कोट्यवधी ट्रान्झिस्टर या ठेक्याच्या आधारे एकमेकांशी मेळ राखतात. प्रत्येक ठोक्यास ‘स्पंद’ म्हटले, तर ओव्हरक्लॉकिंगला ‘स्पंदवृद्धी’ ही संज्ञा शोभेल. १९८१ साली बाजारात आलेल्या आय.बी.एम.च्या व्यक्तिगत संगणकाचा प्रोसेसर सेकंदाला ४७ लाख ७० हजार स्पंद घेत असे. आजचे वेगवान प्रोसेसर सेकंदाला पाच अब्जांहून अधिक स्पंद घेतात. पाच अब्ज स्पंदांच्या गतीने दोन ठोक्यांमधील अवधी इतका अल्प असतो, की तेवढ्यात प्रकाशदेखील निर्वातातून केवळ सहा सेंटिमीटर जातो. या अवधीत प्रत्येक विद्युत्-संकेताने आपल्या ठिकाणी पोहोचून स्थिर झाले पाहिजे. तो स्थिर होण्यापूर्वीच पुढचा ठोका पडला, तर शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य वाचले जाते.

२

नियत वेग वाढविता येतो याचे कारण असे, की तो मुळात काहीसा हात राखून ठरविलेला असतो. एकाच नमुन्याचे सर्व प्रोसेसर गुणाने तंतोतंत सारखे उतरत नाहीत. त्यांतील दुबळ्यात दुबळ्यानेही, उष्ण खोलीत, कित्येक वर्षांच्या वापरानंतर, अचूक काम करावे अशा बेताने उत्पादक वेगाचा आकडा लिहितो. चांगल्या प्रोसेसरच्या अंगी त्याहून अधिक सामर्थ्य असते आणि स्पंदवृद्धी करणारा या शिलकेवरच हात घालतो. १९९८ साली निघालेला इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा प्रोसेसर याचे ठळक उदाहरण होय. मूळ स्पंदगती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली, की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने चाले, आणि पुष्कळ प्रती हा दीडपट वेग सहन करीत.

कोल्हापूरच्या वाचकास ही गोष्ट परकी वाटू नये. शेतातील ऑइल इंजिनाला ठरावीक फेऱ्यांच्या मर्यादेत ठेवण्यासाठी गव्हर्नर बसविलेला असतो. त्याची स्प्रिंग ताणली, की इंजिन अधिक फेऱ्या मारते आणि पंप अधिक पाणी फेकतो. परंतु सिलिंडर तापू लागतो आणि भाग लवकर झिजतात. प्रोसेसरचे गणित याहूनही कडक आहे.

३

ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती स्पंदगतीच्या प्रमाणात वाढते. पण ती विद्युत्-दाबाच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढते. गती वाढविताना संकेत लवकर स्थिर व्हावेत म्हणून दाबही वाढवावा लागतो, आणि खरी अडचण येथेच उत्पन्न होते. गती दहा टक्के व दाब दहा टक्के वाढविला, तर खर्च १.१ च्या घनाप्रमाणे, म्हणजे सुमारे तेहेतीस टक्क्यांनी वाढतो. दहा टक्के लाभासाठी तेहेतीस टक्के अधिक उष्णता पत्करावी लागते. शिवाय तापलेल्या ट्रान्झिस्टरांतून बंद स्थितीतही अधिक प्रवाह पाझरतो आणि त्याने उष्णतेत आणखी भर पडते. म्हणून स्पंदवृद्धीचा विचार करणाऱ्याला शीतनाचा विचार करणे भागच पडते.

नेहमीच्या संगणकात प्रोसेसरवर धातूचा पातळ पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा असतो. हवा ही उष्णतेची दुबळी वाहक आहे. २५० वॉट उष्णता वाहून नेताना हवा दहा अंशांहून अधिक तापू द्यावयाची नसेल, तर दर सेकंदाला सुमारे वीस लिटर हवा पात्यांमधून न्यावी लागते. हेच काम मिनिटाला एक लिटर पाणी करते आणि ते स्वतः जेमतेम साडेतीन ते चार अंशांनी तापते. समान आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजारपट उष्णता सामावून घेते, हे त्याचे कारण.

जलशीतनाची रचना ऑइल इंजिनाच्या सिलिंडरभोवती खेळविलेल्या पाण्याच्या तत्त्वावरच आधारलेली आहे. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याची पोकळ पट्टी घट्ट बसवितात. तिच्या आत केसासारखे बारीक चर असतात. लहान पंप त्यांतून पाणी खेळवितो. तापलेले पाणी नळीवाटे रेडिएटरमध्ये जाते, तेथे पंख्यांच्या वाऱ्याने निवते आणि परत फिरते. पाणी ऊर्ध्वपातित असावे लागते व त्यात गंज आणि शेवाळ रोखणारे द्रव्य मिसळावे लागते. नळाच्या पाण्यातील क्षार बारीक चरांत साचतात. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच प्रवाहात आले, तर ॲल्युमिनियम गंजू लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही; ते तिची जागा बदलते. अखेर ती खोलीतील हवेतच सोडावी लागते. त्यामुळे अशा रचनेतील पाणी खोलीतील हवेहून थंड होऊच शकत नाही. बावीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ऐंशी अंशांवर राहील, तोच एप्रिलच्या दुपारी अडतीस अंशांच्या खोलीत शहाण्णव अंशांच्या आसपास पोहोचेल. आजचे बहुतेक प्रोसेसर पंचाण्णव ते शंभर अंशांच्या सुमारास आपण होऊन वेग कमी करतात. म्हणजे मिळविलेला वेग पुन्हा हातचा जातो. थंड देशांतील प्रयोगांचे आकडे कोल्हापुरात जसेच्या तसे उतरत नाहीत ते यामुळेच. शीतयंत्र जोडून पाणी खोलीपेक्षा थंड केले, तर पावसाळ्याच्या दमट हवेत नळ्यांवर दव साचते, आणि विद्युत्-मंडलावर पडलेला त्याचा एक थेंबही घात करू शकतो. द्रवरूप हीलियम ओतून ९ अब्ज स्पंदांची मर्यादा ओलांडणारे विक्रम झाले आहेत. परंतु ते थोड्या वेळापुरते असतात आणि त्यांतून नित्याचे काम होत नाही.

४

शीतन उत्तम असले, तरी दोन दोष त्याने दूर होत नाहीत. पहिला दोष झिजेचा. वाढविलेला दाब सूक्ष्म मंडलांना हळूहळू जीर्ण करतो. थंडाव्याने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थिरतेच्या तक्रारी आल्या. स्पंद पोहोचविणारे मंडलच अधिक दाब आणि उष्णता यांमुळे अकाली जीर्ण होते असे कंपनीने जाहीर केले, दाबाचे नियंत्रण बदलले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. वापरणाऱ्याने काहीही न वाढविता, केवळ ठरविलेला दाब चढा असल्यामुळे हे घडू शकते. मग हाताने दाब वाढविणाराने किती सावध असावे, हे निराळे सांगणे नको.

दुसरा दोष अधिक गंभीर, कारण तो दिसत नाही. संगणक बंद पडला, तर निदान चूक कळते. पण काठावरच्या वेगाने चालणारा प्रोसेसर लक्षावधी गणितांत एखादेच चुकवून पुढे जाऊ शकतो. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ मध्ये पूर्ण झालेला ‘कोल्हापूर कॉर्पस’ हा भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह भाषाभ्यासकांच्या परिचयाचा आहे. अशा संग्रहात एखादा प्रयोग किती वेळा आला याची मोजणी यंत्र करते. ती एक-दोन आकड्यांनी चुकली, तर चुकलेला आकडा खऱ्या आकड्यासारखाच दिसतो आणि त्यावर उभारलेला निष्कर्षही खऱ्यासारखाच वाचला जातो. दहा लाख शब्दांच्या मोजणीस आजच्या साध्या संगणकाचा नियत वेग पुरून उरतो. तेथे वाढीव वेगाने वाचणाऱ्या क्षणांसाठी अचूकता पणाला लावण्यात अर्थ नाही.

५

मोठ्या यंत्रांनी पाण्याचा उपयोग कसा केला, हे पुण्यात पाहावयास मिळते. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याच परंपरेतील ‘परम ब्रह्म’ २०१९ मध्ये पाषाण येथील आयसर या संस्थेत बसविण्यात आला. त्यात पाणी थेट प्रोसेसरांच्या पाठीवरून खेळविले जाते. मात्र तेथे या पाण्यावर प्रोसेसरांना मर्यादेपलीकडे पळविण्याचे काम सोपविलेले नाही. दाटीने बसविलेल्या प्रोसेसरांची उष्णता कमी विजेत बाहेर काढावी आणि दिवसचे दिवस चालणाऱ्या गणितांत त्यांचा नियत वेग ढळू देऊ नये, एवढेच त्याचे काम आहे. साधन तेच, हेतू मात्र निराळा.

हा भेद घरच्या संगणकासही लागू पडतो. इंटेलने २००८ च्या सुमारास डेस्कटॉप प्रोसेसरांत अशी योजना आणली, की तापमान व शक्ती यांची मर्यादा सुटत नाही तोवर प्रोसेसर स्वतःच गती चढवितो. पूर्वी हौशी मनुष्य हाताने काढून घेत असे ती शिल्लक आता यंत्र स्वतः, मर्यादा ओळखून, वापरते. म्हणून आज चांगल्या शीतनाचा खरा लाभ काहीही न वाढविता मिळतो: प्रोसेसर थंड राहतो आणि आपला अनुज्ञात वेग उन्हाळ्यातही टिकवितो.

ज्यास स्पंदवृद्धी करून पाहावयाची आहे त्याने ती अवश्य पाहावी. यंत्राची घडण समजून घेण्याचा तो उत्तम अभ्यास आहे. गती थोडथोडी चढवावी, दाब शक्य तितका जुनाच ठेवावा आणि प्रत्येक पायरीवर, ज्याची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशा गणितांनी, उदाहरणार्थ प्राइम-९५ या आज्ञावलीने, कित्येक तास परीक्षा घ्यावी. ही परीक्षा मे महिन्याच्या दुपारी घ्यावी, जानेवारीच्या पहाटे नव्हे. परंतु ज्या यंत्रातून संशोधनाचे आकडे बाहेर पडावयाचे आहेत त्याला पाणी द्यावे ते नियत वेग टिकविण्यासाठी. उत्पादकाने राखून ठेवलेली शिलक हे वाया गेलेले सामर्थ्य नव्हे. तिच्यामुळेच यंत्राने दिलेला आकडा, पुन्हा न मोजता, खरा मानता येतो.