न दिसणारा स्ट्रोक

रॉकमधलं वेगवान लीड गिटार शिकणाऱ्यांची एक पिढी तबकडीवर वाढली. ३३ आरपीएमची रेकॉर्ड १६ वर लावायची. वेग निम्मा व्हायचा, सूर एक सप्तक खाली उतरायचे, पण स्वर सुटे ऐकू यायचे. मग व्हिडिओ कॅसेट आली. हॉलिवूडच्या गिटार इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून तिथेच शिकवू लागलेल्या पॉल गिल्बर्टची ‘इन्टेन्स रॉक’ ही कॅसेट १९८८ची. त्या वेळी तो विशीत होता. आता वाजवणाऱ्याचा हात दिसू लागला. आज तसे असंख्य धडे फोनवर मिळतात, सूर न बदलता संथ करून पाहता येतात. तरीही वर्षभर इमानाने धडे पाहून सराव करणारी कितीतरी मुलं एका वेगाशी येऊन अडकतात. याचा दोष त्यांच्या बोटांना देणं मला अन्यायाचं वाटतं. अडचण बरीचशी दिसण्यातच आहे.

साधा हिशेब करू. मेट्रोनोम १८०वर लावला आणि प्रत्येक ठोक्यात चार स्वर वाजवले, तर सेकंदाला १२ स्वर होतात. म्हणजे एका स्वराच्या वाट्याला सुमारे ८३ मिलिसेकंद. अमेरिकी पद्धतीच्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे एका स्ट्रोकला, तार छेडण्याच्या एका फटक्याला, जेमतेम अडीच. डाव्या हाताची बोटं कोणत्या फ्रेटवर पडतात ते त्यातून कळतं, कारण बोट तिथे क्षणभर तरी टेकतं. उजव्या हातातलं पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, मात्र काही मिलिमीटरच हलतं आणि पडद्यावर त्याचा नुसता पुसट पट्टा उरतो. शिकणारा सगळा वेळ डाव्या हाताकडे पाहतो आणि खरी गाठ उजव्या हातात असते.

मग गुरूने सावकाश वाजवून दाखवावं, असं कोणीही म्हणेल. पण सावकाश आणि जलद या बऱ्याचदा दोन वेगळ्या हालचाली असतात. चालण्याचा वेग वाढवत नेला, की ताशी सात किलोमीटरच्या आसपास शरीर चालणं सोडून पळू लागतं. पळणं म्हणजे काही भरभर चालणं नव्हे. संथ वाजवताना पिक एका तारेवरून उचलून पुढच्या तारेवर ठेवायला, मध्ये एक छोटी उडी मारायला वेळ असतो. रोज मेट्रोनोम थोडा थोडा वाढवला, तरी ती उडी हालचालीत तशीच राहते. एका टप्प्यावर तिला जागाच उरत नाही, आणि मनगट आखडून दुखू लागतं.

मेंदूची बाजूही तितकीच महत्त्वाची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांनी १९५१च्या एका निबंधात वादकांच्या बोटांचं उदाहरण दिलं होतं. सेकंदाला सोळापर्यंत हालचाली होत असतील, तर एका हालचालीची जाणीव मेंदूत पोचून तिने पुढचीला चालना द्यावी एवढा वेळच मिळत नाही. नुसता आवाज ऐकून बोट हलवायलाही माणसाला साधारण दीडशे मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात आपल्या वादकाचे जवळपास दोन स्वर वाजून गेलेले असतात. म्हणून हालचालींची मालिका आधीच आखलेली असावी लागते, आणि सुटा स्वर जलद करण्यापेक्षा सहा-आठ स्वरांचा गुच्छ एका दमात सोडून पुढच्या ठोक्यावर थांबणं उपयोगी पडतं. पहिल्या प्रयत्नांत तो गुच्छ मळका वाजेल, वाजू द्यावा. वेगातली हालचाल आधी हाताला सापडली पाहिजे, स्वच्छता नंतर येते.

पाहणं वाया जात नाही. इटलीतल्या पार्मा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४मध्ये, गिटार कधीच न वाजवलेल्या लोकांना कॉर्ड पाहून तशीच धरायला सांगितली आणि त्यांच्या मेंदूंचं चित्रण केलं. अनुकरणासाठी हात न्याहाळत असतानाच, हालचालींची आखणी करणारे भाग कामाला लागलेले दिसले. पण कॉर्ड ही स्थिर आकृती असते, ती डोळ्यांना पुरती दिसते. दुसरीकडे, मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांच्या २०१८च्या प्रयोगांत एखादी करामत वीस वेळा पाहिलेल्यांना ‘हे मला जमेल’ असं जास्त वाटलं. प्रत्यक्षात त्यांना ती एकदाच पाहिलेल्यांपेक्षा चांगली जमली नाही. धडे भराभर पाहत जाणाऱ्या प्रत्येकाला हा निष्कर्ष सांगावासा वाटतो.

न दिसणाऱ्या स्ट्रोकचा पाठलाग अमेरिकन गिटारवादक ट्रॉय ग्रेडी यांनी चिकाटीने केला. त्यांनी गिटारवरच कॅमेरा बसवून फ्रँक गॅम्बाली, स्टीव्ह मोर्स अशा वादकांचं पिक जवळून, संथ गतीत टिपलं. त्यातून दिसलं ते असं : जलद वाजवताना पिक तारांना समांतर पातळीत मागेपुढे जात नाही, ते किंचित तिरक्या वाटेने जातं. त्यामुळे एका दिशेच्या स्ट्रोकला ते दोन तारांच्या मध्ये अडकतं आणि उलट दिशेच्या स्ट्रोकला आपोआप तारांच्या वर निसटतं. तार बदलायची ती या निसटत्या स्ट्रोकनंतर. उडी मारावीच लागत नाही. स्वीडिश वादक इंग्वे माल्मस्टीनच्या ताना ग्रेडींनी याच नजरेने उलगडल्या : अपस्ट्रोकला (खालून वर जाणाऱ्या स्ट्रोकला) निसटणारं पिक, आणि एका तारेवर बहुतेकदा सम संख्येने स्ट्रोक. डाउनस्ट्रोकने सुरुवात केली, की शेवटी अपस्ट्रोक येतो आणि तार बदलायला वाट मोकळी असते.

आता हे घरी तपासता येतं. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपणारा स्लो मोशन असतो. आपल्या हिशेबात एका स्ट्रोकला २० चित्रं. फोन गुरूच्या धड्यासाठी जितका वापरतो, निदान तितका तो स्वतःच्या उजव्या हातावर रोखावा. आधी एकाच तारेवर झेपेल तितकं जलद वाजवावं आणि पिक कोणत्या स्ट्रोकला बाहेर येतं ते पाहावं. मग पुस्तकात हमखास असणारा, प्रत्येक तारेवर तीन स्वरांचा सरगमीचा धडा घ्यावा. पिक अपस्ट्रोकला निसटत असेल, तर पहिल्या तारेवरचा तिसरा स्ट्रोक डाउन पडतो आणि पिक तिथेच अडकतं; पुढची तार अपस्ट्रोकने संपते आणि सहज सुटते. म्हणजे दर एका तारेआड अडथळा. त्यावर उपाय छोटासा आहे : प्रत्येक तारेवर पहिले दोन स्वर पिकने छेडायचे आणि तिसरा डाव्या हाताचं बोट तारेवर आपटून, म्हणजे हॅमर-ऑन करून, काढायचा. स्वर तीनच राहतात, स्ट्रोक दोन होतात, आणि प्रत्येक तार अपस्ट्रोकवर सुटते.