धूर न मोजता धुराचा हिशेब

खनिज इंधनांतून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे बहुतांशी धुराड्यावर यंत्र लावून नव्हे, तर जाळलेल्या इंधनाच्या हिशेबातून ठरते. एक टन कार्बन पूर्ण जळला की सुमारे 3.67 टन वायू तयार होतो. कोळशात 40 टक्के कार्बन असेल, तर टनामागे जवळपास दीड टन. खरी मेख या टक्केवारीतच आहे. भारतीय कोळशात राख अनेकदा 30 ते 45 टक्के असते, त्यामुळे परदेशी कोळशाचा उत्सर्जन गुणांक, म्हणजे टनामागे निघणारा वायू, त्याला जसाच्या तसा लावता येत नाही. 2015 मध्ये ‘नेचर’मधील अभ्यासात चिनी कोळशाचा गुणांक प्रचलित मूल्यापेक्षा सुमारे 40 टक्के कमी आढळला, त्याच वर्षी चीनने कोळशाच्या वापराचे जुने सरकारी आकडे मात्र वाढवले.

मग असल्या आकड्यांवर भरवसा का ठेवावा? कारण देशागणिक चूक मोठी असली, तरी जागतिक बेरजेतील अनिश्चितता साधारण 5 टक्के धरली जाते. शिवाय हवा स्वतंत्र साक्ष देते: खनिज इंधनात कार्बन-14 उरलेला नसतो, म्हणून हवेतील त्याचे घटते प्रमाण खनिज कार्बनची भर दाखवते. भविष्याच्या अंदाजांचे तसे नाही. 2020 मध्ये महासाथीमुळे उत्सर्जन सुमारे 5 टक्क्यांनी घसरेल, हे आधी कुणीच वर्तवले नव्हते. म्हणून भविष्याचे आकडे भाकीत म्हणून न वाचता ‘धोरण असे राहिले, तर’ या अटीसह वाचावेत. ती अट बदलणे आपल्याच हाती आहे.